मोकळ्या आभाळातली वाफ

मी वाफ बोलतेय. शोधत बसू नका, मी दिसत नाही. किटलीच्या तोटीपुढे पांढरं दिसतं ते माझे गार पडलेले थेंब. मी त्याच्या अलीकडे असते, जिथे काहीच नाही असं वाटतं तिथे.

हे एका म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं त्याने गिरणीचा बॉयलर सांभाळला होता. "दिसते ती वाफ नव्हे. न दिसणारीच भाजते," असं तो आल्यागेल्याला बजावायचा. आता त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी उकाड्यापासून जपायला सांगितलं होतं आणि बापलेकीची खोली तर नेमकी गच्चीखाली. लेक दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी गच्चीवर सहा बादल्या पाणी ओतायची.

त्यातल्याच एका बादलीतून मी जन्मले. गच्चीची थोडी उष्णता घेऊन वर उठले.

"बाबा, आत्याकडे जाऊया. तिच्याकडे एसी आहे."

"कशाला कुणाच्या दारात? मी इथेच गच्चीवर पडतो. आभाळ बघ कसं मोकळं आहे. सगळी धग वर निघून जाईल."

त्याने सरळ माझ्याकडे बघितलं आणि मी त्याला दिसले नाही. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, तेच तो ऐन वेळी विसरला.

तापलेल्या गच्चीतून उष्णतेचे किरण निघतात. शाळेत त्यांना अवरक्त म्हणतात. हवा कोरडी असती तर त्यातले बरेच निसटले असते. पण मी आणि आभाळभर पसरलेल्या माझ्या बहिणी त्यांना गिळतो, मग चहूकडे सोडतो. थोडे वर जातात, थोडे परत खाली, त्याच्या छातीवर. हवा तापली की तिच्यात मी अधिक मावते आणि मी वाढले की हवा आणखी तापते. मला थांबायचं होतं हो. पण स्वभावाला औषध नाही.

सकाळी लेक चहा घेऊन वर आली. तळपायांना गच्ची अजून कोमट लागली. बाबांचा हात मात्र गच्चीहून गार होता.

आता खोलीत ती एकटीच राहते. आत्या रोज बोलावते. ही वर बघते आणि म्हणते, "आज आभाळ मोकळं आहे, निवेल." कुणीतरी तिला समजवा. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही.

तिने पहिली बादली ओतली. मी निघाले.