तपकिरी त्रिकोण

गुरुवार, २० मार्च २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कँटीनमध्ये, फ्रिजात, चॉकलेट मूसचे बेचाळीस कप संध्याकाळच्या इफ्तारसाठी मांडलेले होते.

सुंदरराव तिथले अन्नतपासनीस. तंजावूरकडचे मराठी, तंत्रनिकेतनात शिकलेले, वय सदुसष्ट. झाकण उघडण्याआधी वेष्टन वाचायचे, हा त्यांचा शिरस्ता. कपावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण होता; घटकांची यादी मात्र आयातदाराच्या चिठ्ठीखाली झाकली गेली होती. त्यांनी ती चिठ्ठी नखाने सोलली. खाली छापले होते : जिलेटिन, डुकराचे.

व्यवस्थापक महेश मूळचा कोल्हापूरचा. त्याला कप दाखवला, तर तो हसला.

“काका, त्रिकोण आहे ना? मग झालं. ही मंडळी मांसाहारीच आहेत.”

“महेशराव, मागच्या महिन्यात सांबारात चिकनचा डाव बुडाला, तेव्हा तुम्ही पातेलंच्या पातेलं ओतून दिलंत.”

“ते वेगळं. गेल्या वर्षीही हेच कप होते. कुणाच्या पोटात दुखलं नाही.”

सुंदरराव एकेक कप कचऱ्याच्या पिशवीत टाकू लागले. महेश आठ्या घालून निघून गेला.

तेवढ्यात खजुराचे ताट घेऊन शाहुल आला. इफ्तारची जुळवाजुळव दरवर्षी तोच करी. सुंदररावांनी त्याला तमिळमध्ये सगळे सांगितले. त्याने मनापासून आभार मानले. मग पिशवीतल्या कपांकडे पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला.

“सार, गेल्या वर्षी हेच होते?”

नाही म्हणणे सोपे होते. महेशचे बोलणे मराठीत झाले होते, ते मराठीतच राहिले असते. पण मग आयातदाराच्या चिठ्ठीत आणि आपल्यात फरक तो काय उरला?

“होय,” ते म्हणाले.

शाहुलने ताट खाली ठेवले.

“गेल्या वर्षी घरच्यांनाही बोलावलं होतं. अम्माला फार आवडला. माझ्या वाटचाही तिनंच खाल्ला. तिला मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.”

सूर्यास्ताला मूसच्या जागी केळी वाढली गेली. पांगापांग झाल्यावर सुंदररावांनी भांडी घासणाऱ्या कामाक्षीला विचारले, गेल्या वर्षी किती कप उरले होते.

एकही नाही.