चार आठवड्यांचा महिना

"वीस आठवडे म्हंजी पाच महिने की वं नर्सबाई! आन् माजा ल्योक मेंढरं घिऊन आखितीला माघारी आला, त्याला चारच झालेत. मंग ह्ये वरचं कुणाचं?" सुभद्राबाईने सोनोग्राफीचा कागद टेबलावर आपटला.

तिची सून उज्ज्वला बाकावर मान खाली घालून बसली होती. शेजारी तिची आजी, सारजाबाई. आल्यापासून म्हातारीने नर्सकडे पाहिलं नव्हतं. पाहील कोणत्या तोंडाने? ही नर्स म्हणजे मंगल, बावीस वर्षांपूर्वी तिनेच घराबाहेर काढलेली सून.

तेव्हाही असाच कागद होता. चोवीस आठवडे. मंगलचा नवरा मेंढरं चारून परतला, त्याला पाच महिने झालेले. सारजाबाईने चोवीसला चाराने भागलं, सहा काढले आणि भरल्या पारापुढे मंगलचं गाठोडं फेकलं. माहेरी चालत जाताना, भर उन्हात, दिंद्रुड गावाच्या अलीकडे तिचं पोटातलं लेकरू गेलं. आज म्हातारी बरी तावडीत सापडली होती!

नुसतं गप्प बसलं तरी सारजाबाईची नात आज टाकली जाणार होती. मंगलला मोह झाला; खोटंही बोलावं लागणार नव्हतं. पण उज्ज्वलाने पोटावर हात ठेवला होता. या पोरीचा काय गुन्हा? हिला सोडवायचं, म्हातारीला मात्र नाही.

"आत्या, उठा," मंगल जुन्या सासूला म्हणाली. "आखितीपासून आठवडे मोजा. मोठ्यानं."

लसीकरणाला आलेल्या बायका दारात जमल्या. म्हातारी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत, अक्षय्य तृतीयेपासून बोट ठेवत मोजू लागली.

"अठरा."

"कागदावर वीस हायेत. डाक्टर पाळी आल्या दिवसापासून मोजतेत, पहिले दोन आठवडे पोटात कायबी नसतं. आन् चार आठवड्यांचे दिवस अठ्ठावीस. महिना असतो तीस-एकतीसाचा. अठरा आठवडे म्हंजी चार महिने आन् वर थोडे दिवस. सुभद्राबाई, लेकरू तुमच्याच ल्योकाचं हाय."

सुभद्राबाईचा चेहरा उतरला. तिने गुमान सुनेची पिशवी उचलली.

"आता माझे चोवीस, आत्या. दोन काढा."

"बावीस."

"महिने किती?"

म्हातारीचे ओठ हलले.

"ऐकू न्हाई आलं. पारावर तर लई मोठ्यानं बोलला व्हता!"

"पाच!" सारजाबाई ओरडली. "पाचच व्हते गं मंगल! तुजं बरुबर व्हतं!" आणि ती मंगलच्या पायांवर वाकली.

मंगलने पाय मागे घेतले. "माझ्या न्हाई. दिंद्रुडच्या अलीकडं, वढ्याकाठच्या लिंबाखाली पुरलंय. तितं पडा पाया."

मग तिने उज्ज्वलाच्या कार्डावर बाळंतपणाची तारीख लिहून दिली. सासू-सून निघून गेल्या. सारजाबाई दाराची चौकट धरून थांबली.

"मंगल, पोरगा व्हता का पोरगी?"

बावीस वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मंगलने पुढचं कार्ड पुढ्यात ओढलं.

"तुमाला न्हाई सांगायची," ती म्हणाली, आणि तिने पुढच्या बाईला आत बोलावलं.