रस्ता न पाहिलेले स्टेअरिंग

मित्रांनो, मी एक जुने स्टेअरिंग आहे. बोईसरच्या बाजारात, एका कॉम्प्युटर क्लासच्या लोखंडी कपाटावर मी पडून असतो. माझी मोटार शोधू नका, ती कधी नव्हतीच. मी मोटारीच्या खेळाचे स्टेअरिंग आहे. माझ्या कडेला रबराची पकड आहे, पोटात स्प्रिंगा आहेत आणि वायरीच्या टोकाला पायाने दाबायची दोन पेडल आहेत. सारा जन्म मी वळणे घेतली, पण खरा रस्ता एकदाही पाहिला नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. या क्लासच्या मालकीण हंसाताई. त्यांच्या भावाने मला तिकडून पाठवले. नव्वदचे दशक सरत आले होते. कॉम्प्युटरच नवलाचा होता, मग त्याला जोडलेल्या स्टेअरिंगचे काय सांगावे! हंसाताईंनी मला टेबलाला घट्ट आवळून बसवले. शाळा सुटली की मुले जिना धडधडवत वर येत. माझ्यासाठी रांग लागे. भांडणे होत. मला वाटले, हेच माझे आयुष्य.

पण तो खेळ फार खरा होता. वळणाआधी ब्रेक दाबला नाही तर गाडी घसरायची, गरगरायची आणि कठड्यावर आदळायची. मुलांना हे आवडेना. त्यांना ब्रेक माहीतच नव्हता. "ही गाडी बेकार आहे," म्हणत ती शेजारच्या मशीनवर विमाने पाडायला गेली, ती परत आलीच नाहीत. हंसाताईंनी माझ्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली. पिशवीतून सगळे धूसर दिसते. हसणे ऐकू येते, पण कोण हसले ते कळत नाही.

अशातच मारुतीकाका आले. ते जवळच्याच घिवली गावचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याची कामगारांची बस त्यांनी वर्षानुवर्षे चालवली होती. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. हात पुष्कळसा सुधारला, पाय मात्र ओढत राहिला. नोकरी सुटली. त्यांची मुलगी मंदा आमच्याकडे कॉम्प्युटर शिकायला येई. घरात एकटे बसवत नाही म्हणून काका तिच्याबरोबर एसटीने येत आणि तिचा तास संपेपर्यंत बाकावर बसून राहत. मंदा शिकत असे, काका जमिनीकडे पाहत असत.

एके दुपारी हंसाताईंनी माझी पिशवी काढली. "काका, नुसते बसता, त्यापेक्षा हे चालवून बघा."

"हा पोरांचा खेळ," काका म्हणाले. पण उठले. खुर्चीवर बसले आणि त्यांनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले.

मित्रांनो, मुले मला पिरगाळत. काकांनी मला नुसते धरले. गाडी हळूच निघाली. वळण दिसताच वेग उतरला. मागच्या गाड्या भरधाव आल्या, तशी काकांनी गाडी कडेला घेऊन त्यांना वाट दिली. शर्यतीत ते सगळ्यांच्या शेवटी आले.

"बाबा, यात पुढे जायचं असतं," मंदा हसून म्हणाली.

"पोचलो ना?" काका म्हणाले. मग माझ्याकडे बघत हळूच पुटपुटले, "गाडी खरी हाय. घसरते."

त्या दिवसापासून ते बाकावर बसले नाहीत. रोज माझ्यापाशी येत, रुमालाने मला पुसत आणि चालवत. चालवताना शेजारच्या मशीनवर शिकणाऱ्या मंदाला सांगत, ह्या वळणाला बसमधली माणसं डुलक्या घेत, इथं ब्रेक हळू दाबायचा. पडद्यावर परदेशातले डोंगर होते, पण काका आपल्या बसच्या चिंचणीच्या रस्त्याने चालले होते. मीही त्यांच्याबरोबर जाऊन आलो.

एकच गोष्ट मला ठाऊक होती आणि दुसऱ्या कुणालाच नव्हती. काकांचे हात वेळेवर वळत. पाय मात्र ब्रेकवर उशिरा येई. सावकाश चालवताना ते कळत नसे. पेडलला कळे.

मग एक दिवस काकांचा जुना सोबती पंढरी जिना चढून वर आला. त्याने शाळेच्या मुलांसाठी जीप घेतली होती. त्याला ड्रायव्हर हवा होता. काकांना गाडी वळवताना पाहून तो खूश झाला.

"मारुती, तू तर पयल्यासारखाच चालवतोस. पाय बरा झाला?"

"झाला," काका म्हणाले. माझ्यावरची त्यांची पकड आवळली.

"मग सोमवारपासून ये. शनिवारी जीप दावतो."

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण माझ्या नशिबी फक्त वळणे.

शनिवारी काका लवकर आले. त्यांनी मंदाला जवळ उभे केले. "मी जोरात चालवतो. तुला वाटेल तवा 'थांब' म्हण. मला आधी कळू देऊ नको."

गाडी सुटली. मंदा म्हणाली, "थांब."

पाय उचलला गेला, अडखळला, मग ब्रेकवर आला. तोवर गाडी कितीतरी पुढे गेली होती.

"परत," काका म्हणाले. परत तसेच झाले. तिसऱ्या वेळी गाडी कठड्यावर आदळली.

मंदा घाईने म्हणाली, "या वेळी लवकर थांबली, बाबा."

"माझ्या बाजूनं बोलू नको, बाय," काका शांतपणे म्हणाले. "समोर पोर आलं तर ते थोडंच माझ्या बाजूनं बोलंल?"

मंदा तोंड फिरवून उभी राहिली. थोड्या वेळाने पंढरी किल्ली घेऊन वर आला.

"माझ्याच्यानं नाय होणार, पंढरी. दुसरा माणूस बघ."

"अरे, पण तूच बोललास पाय बरा झाला!"

"तवा पायाला इचारलं नव्हतं."

पंढरीने किल्ली खिशात टाकली. मग त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो जिना उतरून गेला. काकांचे हात माझ्यावर तसेच होते. गाडी बंद होती. इतके जड हात मी कधी अनुभवले नव्हते.

त्यानंतर काका आले नाहीत. मंदा एकटी येई, शिकून जाई. एकदा हंसाताईंनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ओट्यावर बसून असतात. सगळे म्हणतात, आराम करा. करतात आराम." पुढे तिचा क्लास संपला. नवे कॉम्प्युटर आले आणि माझ्या वायरीचे तोंड त्यांना बसेना. मला कपाटावर ठेवले गेले. खाली जीपचा हॉर्न वाजतो, मुलांचा कलकलाट होतो. जीप कोण चालवतो, मला माहीत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, असे मीही म्हणू शकतो. पण मी प्लॅस्टिकचा आहे, माझे काय! तुमच्या ओळखीत हातचे काम सुटलेला कुणी माणूस असेल, तर त्याला नुसते 'आराम करा' म्हणू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला विचारा, कुठली गाडी चालवत होता, कुठल्या रस्त्याने. आणि तो सांगू लागला, की मध्येच उठून जाऊ नका. फार सावकाश सांगेल तो. त्याला पोहोचू द्या.