पितळी टोपीचं माप

मी पायाने चालणारी शिलाई मशीन. बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली, की अजूनही माझी सुई थरथरते. का, ते सांगते.

मास्तरांनी मला तरुणपणी घेतलं. त्यांचे गुडघे गेल्यावर मला दुकानातला काजवाला चालवू लागला. काज-बटणं करता करता तो अख्खा शिंपी झाला होता. मास्तर मृत्युपत्रात लिहून गेले, "मशीन काजवाल्याला."

पण मास्तर गेले तेच त्याच्या हातून. औषधाचं माप हरवलं होतं, म्हणून तो औषध बोटात घालायच्या पितळी टोपीने मोजायचा. जुनी टोपी झिजली, त्याने नवी आणली. ती अंगठ्याची, बरीच मोठी. टोपी ती टोपी, म्हणून त्याने नेहमीसारखी दोनदा भरून दिली.

मास्तरांचा मुलगा शरियतचा निर्णय सांगणाऱ्या मुफ्तीसाहेबांना दुकानात घेऊन आला. "वारसाने जीव घेतला तर त्याला वारसा नाही ना? मग यालाही मशीन नाही. भंगारवाला दारात उभाच आहे."

माझा पट्टा सैल पडला.

मुफ्तीसाहेब म्हणाले, "वारसाचा नियम स्पष्ट आहे. मृत्युपत्राचं मात्र त्यावरून ताडावं लागेल. याला कियास म्हणतात. पण दोन्हीकडे कारण एकच हवं. वारसाच्या नियमामागचं कारण आहे मिळकतीची घाई." ते काजवाल्याकडे वळले. "मशीन तुला मिळणार, ठाऊक होतं?"

नाही म्हण रे बाबा! मी आतल्या आत ओरडले.

"होतं. मास्तर रोज म्हणायचे, मी गेलो की ही बया तुझ्या गळ्यात."

"बघा! स्वतःच्या तोंडाने बोलला!" मुलगा म्हणाला.

"घाई कशाची रे भाऊ? सहा वर्षं माझेच पाय हिच्यावर आहेत."

मुफ्तीसाहेबांनी दोन्ही टोप्या तळहातावर घेतल्या. जुनी नवीत घालून पाहिली. मग ते काजवाल्याला म्हणाले, "तू टोपी पाहिलीस, माप पाहिलं नाहीस. मीही नुसतं वरवरचं सारखेपण पाहिलं, तर तुझीच चूक पुन्हा करेन. चुकून झालेल्या मरणाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल, तर मशीन याचीच."

भंगारवाला हात हलवत गेला.

आता मी काजवाल्याच्या घरी, खिडकीपाशी आहे. तो रोज मला तेल घालतो आणि वर चादर टाकतो. पाय मात्र ठेवत नाही.

"निकाल लागला ना?" बायको विचारते.

"मशीनचा लागला," तो म्हणतो.

चादरीखाली अंधार असतो. मला भीती वाटते, मी इथेच गंजेन आणि माझ्याशेजारी तोही. बाबा रे, मास्तरांसाठी तू शिवायला घेतलेला अर्धा सदरा अजून माझ्या सुईखाली अडकलाय. तेवढा तरी पुरा कर.