धुलाईखान्यातलं तिसरं कडवं

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, तिथल्याच वाफेच्या प्रेसवरून निवृत्त झालेल्या बापाने डावा हात उचलून मुलीच्या बँजोवर पालथा ठेवला. तारा गप्प झाल्या.

त्याची उजवी बाजू सात महिन्यांपूर्वी लुळी पडली. तेव्हापासून तोंडून शब्द फुटलेला नव्हता. मुलगी बँजोवर जुनी कष्टाची गाणी गाते. त्यातलं एक इथलंच, चादरी दाबताना म्हणायचं. कडवी तीन. दोन तिला पाठ होती, तिसरं फक्त बापाला. बोलणं गेलेल्यालाही कधी कधी गाता येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, म्हणून तिने त्याला जुन्या जागी आणलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी, डोकं भादरून ती पंक बँडमध्ये होती, तेव्हा हे गाणं तिने सव्वा मिनिटात किंचाळून उरकलं होतं. बाप मध्येच उठून गेला. त्यानंतर बारा वर्षं ती ते संथ गात आली. आखूड पाचवी तार अंगठ्याने टिपत, ओळ लांबवत. ऐकणारे डोळे पुसायचे.

"चुकलं का, बाबा?"

बापाने टेबलाच्या पत्र्यावर बोटं आपटली. भरभर.

सव्वीस वर्षं त्याच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरलेली मुकादमीण हसत सुटली. "अगं फटाकडे, तू तर अंत्ययात्रा काढलीस! एवढ्या वेळात चादर करपली असती, तुझ्या बापाची, आमच्या मास्तरांची, बोटंही. प्रेसचं झाकण मिटून उघडेपर्यंत ओळ संपायची."

"मग माझ्या बँडच्या वेळी रागावून का उठून गेले?"

"रागावून? दोनची पाळी होती त्यांची! इथे येऊन सगळ्यांना सांगत सुटले, पोरीने लय अचूक धरली म्हणून."

"मला कधी बोलले नाहीत."

"मास्तर? तोंडावर कौतुक? विसर."

मुकादमिणीने प्रेसवर चादर पसरून बटण दाबलं. झाकण मिटलं, वाफ सुटली, झाकण उघडलं. मुलीने तेवढ्यात ओळ बसवली, बँडमध्ये मारायची तसे तारांवर फटके मारत:

चादर पांढरी, वाफ पांढरी, हात तेवढे तांबडे.

दुसऱ्या कडव्याला घड्या घालणाऱ्या चौघी आपसूक सुरात आल्या. तिसऱ्याची जागा आली तशा थांबल्या. मुलगी नुसतीच वाजवत राहिली.

बापाचा गळा हलला.

"खिडकी," तो म्हणाला. नेमक्या ठेक्यावर, सुरात.

मुकादमीण झाकण उघडायचं विसरली. झाकणाखाली चादर पिवळी पडली. सव्वीस वर्षांत एकही चादर न जाळलेल्या तिला करपल्याचा वाससुद्धा आला नाही.

पहिल्या दोन कडव्यांत खिडकी नाही. धुलाईखान्यालाही खिडकी नाही; हा शब्द तिसऱ्याच कडव्याचा.

पाळी सुटली तेव्हा दुसरा शब्द आलेला नव्हता. बापाची बोटं पत्र्यावर ठेका देत होती, आणि त्याच ठेक्यावर वाजवणारी मुलगी बाकावरून उठली नव्हती.