प्रभंजनची छर्‍यांची चंची

दाजीबानपेठेत एका साडीच्या दुकानाच्या कट्ट्यावर मी शिलाई मशीन घेऊन बसते. पिशव्या, उशांचे अभ्रे आणि चंच्या शिवते. चंची म्हणजे पानसुपारी ठेवायची कापडी घडी. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, चुन्याच्या डबीला एक छोटा. माझी स्वतःची कमरेला असतेच.

२००८ च्या उन्हाळ्यात, त्याच दुकानात साड्या दाखवणारा प्रभंजन कमरेला लावायची तीन पाकिटं घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. वय बत्तीस, घरी बायको, एक मूल, आणि रविवारी सकाळी खोट्या बंदुकीने लढाई. प्लॅस्टिकचे छर्रे उडवायचे, डोळ्यांना जाड चष्मे लावायचे. ज्याला छर्रा लागेल त्याने आपणहून "लागलं" म्हणून हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. खेळणारी सगळी मिशीवाली माणसं.

"वेणूअक्का, ह्यातलं एक निवडून द्या. अब्रू जायची वेळ आलीय."

अब्रू अशी जाणार होती. छर्रे संपले की बंदुकीतली रिकामी मॅगझिन काढून भरलेली बसवायची. मॅगझिन म्हणजे छर्‍यांची पातळ डबी. बाकीचे ती चुटकीसरशी बसवत. प्रभंजन मात्र कमरेच्या पाकिटाशी झटापट करत असतानाच तीन रविवार मार खाऊन बाहेर बसला होता. विद्यानगरच्या त्यांच्या टोळीचा कप्तान गुरुराज शेवटी म्हणाला, "येत्या रविवारी पण हेच केलंस तर बंदूक ठेव आणि झेंडा धर." झेंडा धरणार्‍याने पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि खेळ संपल्यावर गवतातले छर्रे वेचायचे.

"मग वेच की. कंबर सुटेल," मी म्हटलं.

"अक्का, बायकोला सांगून बसलोय, मी सगळ्यांत पुढं असतो म्हणून!"

पहिल्या पाकिटाला वेल्क्रोची चिकटपट्टी होती. उघडताना असा चर्रर्र आवाज झाला की दुकानातून एक बाई ओरडली, "कुठली फाटली हो? निळी काय?" दुसर्‍याला टिचबटण होतं. त्याने जोर लावून ओढलं, बटण जागचं हललं नाही, पँट मात्र खाली आली. तिसरं उघड्या तोंडाचं, आत नुसतं इलॅस्टिक. हात घातला की डबी हातात. ते त्याला पसंत पडलं.

"आता पळून दाखव," मी म्हटलं.

चौकापर्यंत पळून तो परत आला, तोवर एक डबी गटारीत गेली होती आणि दुसरी कोथिंबीरवालीच्या टोपलीत.

"बंद असलं की उघडत नाही, उघडं असलं की राहत नाही," तो डोकं धरून बसला.

मला पानाची तल्लफ आली. मी चंचीची दोरी ओढली, सरकगाठ सुटली, कप्पे समोर. प्रभंजन बघतच राहिला.

"अक्का, परत करा."

"काय परत करू?"

"आत्ता केलंत ते! उघडलीत कधी?"

मग मी खाकी पँटच्या कापडाची चंची शिवली. डब्यांसाठी दोन उभे कप्पे, वर झाकायला पाकळी, पाकळीला सरकगाठीची दोरी. हाताच्या सवयीने चुन्याचा छोटा कप्पाही शिवून झाला. उसवायचा मी कंटाळा केला.

आठवडाभर दुपारी गिर्‍हाईक नसताना आमचा सराव चालला. तो दोरी ओढी. आता समोर चंची उघडली की आमच्या पेठेत कुणाचाही तळहात आपोआप पुढे जातो, तसा माझाही जाई. आणि चंची उघडणार्‍याने आधी समोरच्याच्या हातावर ठेवायचं, मग आपण घ्यायचं, ही रीत त्यालाही ठाऊक. तेव्हा तो एक डबी माझ्या हातावर ठेवी आणि दुसरी बंदुकीत बसवी. शंभरदा तरी झालं असेल. दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. वेग मात्र झकास आला.

रविवारी विद्यानगरच्या मागच्या पडक्या गोदामात सप्तापूरच्या टोळीशी सामना होता. मी विटांच्या ढिगावर बसून बघत होते. होता होता दोन्हीकडचा एकेकच उरला. आमचा प्रभंजन, आणि त्यांचे दत्तात्रय सर. सर पन्नाशीचे, कॉलेजात शिकवणारे, गालात कायम सुपारी. दोघे एकाच भिंतीच्या दोन टोकांनी वळले आणि तीन पावलांवर समोरासमोर आले. दोघांनी चाप ओढले. दोघांच्या बंदुका रिकाम्या.

सरांनी आपल्या चिकटपट्टीला हात घातला. प्रभंजनने दोरी ओढली. चंची उघडली.

सरांचा हात चिकटपट्टीवरून सुटला आणि तळवा वर करून पुढे आला.

प्रभंजनने त्यावर भरलेली डबी ठेवली.

"अरे, काय करायलाईस!" बाहेर बसलेला गुरुराज किंचाळला. झेंडा घेऊन तो उठलासुद्धा.

सरांनी हाताकडे न बघताच विचारलं, "चुना?"

प्रभंजनने छोट्या कप्प्यात बोट घालून पाहिलं. "चुना नाही हो सर," तो ओशाळून म्हणाला. तोवर त्याच्या दुसर्‍या हाताने शिकवल्याप्रमाणे दुसरी डबी उचलून बंदुकीत बसवली होती. टक् आवाज झाला. छर्रा सरांच्या गुडघ्यावर.

"लागलं," सर म्हणाले, आणि मग त्यांनी आपल्या तळहातावर काय आहे ते पाहिलं.

सप्तापूरवाले धावून आले. "फसवणूक आहे ही! पान दाखवून मारलं!"

"पान कुठं होतं?" आमचे म्हणाले.

"तेच म्हणतोय आम्ही! नव्हतंच!"

"साकु, साकु," असं कानडीत म्हणत सरांनी हात वर केला. "पुरे झालं. हात मी पुढं केला, मला कुणी कर म्हटलं नव्हतं. त्यानं आधी मला दिलं, मग स्वतः घेतलं. ह्यात चुकलं काय?" मग डबी प्रभंजनला परत देत म्हणाले, "चुना तेवढा ठेवत जा."

गुरुराजने झेंडा गुंडाळून काखेत मारला. "बंदूक राहू दे तुझ्याकडं," तो पुटपुटला. प्रभंजन दोन्ही डब्या चंचीत घालून बायकोला हे सांगायला धावत घरी गेला. चंचीतून काहीही पडलं नाही.

सोमवारी गुरुराज स्वतः कट्ट्यावर हजर.

"मला पण एक शिवा, अक्का. पण ते हातावर ठेवणं वगैरे असलं खूळ आपल्याकडं चालत नाही."

"नको ठेवूस. बांधून तर बघ."

त्याने प्रभंजनची चंची कमरेला बांधली आणि दोरी ओढली. माझा तळहात पुढे गेला. गुरुराजने त्यावर डबी ठेवली.

आत साड्यांच्या ढिगामागे प्रभंजनला ठसका लागला. गुरुराजने झटकन डबी उचलून परत कप्प्यात कोंबली.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "सप्तापूरवाल्यांना सांगू नका."