कापलेले समास

नव्या चौकटींच्या वॉर्निशचा वास खोलीभर दाटला होता. कलेच्या इतिहासाची अभ्यासक असलेली पुतणी गळ्यातला कॅमेरा मुठीत आवळून भिंतीवरची चित्रं पाहत होती; तिची नजर प्रत्येक चित्राच्या डाव्या कडेशी येऊन ठेचकाळत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत काकू खाली मान घालून बसली होती.

"समास कुठे गेले, दादा?"

"कापले. चौकटीत मावत नव्हते," चुलतभाऊ म्हणाला. "फराटे होते गं नुसते. उद्या संग्रहालयाचे लोक येणार, बाबांची चित्रं नीटनेटकी नकोत?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या बालमासिकांतल्या या चित्रांवर तिने जीव टाकला होता: वाऱ्याने वाकलेलं ते गवत, उंदराच्या डोळ्यातला उजेडाचा एकुलता एक ठिपका. सही काकांची. पण काका उजव्या हाताचे आणि कुंचला टिपल्याच्या खुणा झाडून साऱ्या डाव्या समासात. घरात डावखुरी एकटी काकू. हा शोध लागला तेव्हा आनंदाच्या भरात तिने तो आधी दादालाच सांगितला होता.

"पुरावा होता तो! मी सांगितलं म्हणून कापलास तू!"

"आल्या विदुषी! चार फराट्यांवरून माझ्या बापाला चोर ठरवणार!"

"पट्ट्या कुठेत?"

"जाळल्या. काढ आता राखेचे फोटो."

क्षणभर तिला वाटलं, कॅमेरा त्याच्या तोंडावर भिरकावावा. मग ती काकूकडे वळली.

"काकू, तू बोल. तुझा एक शब्द पुरे मला. कोणी काढली ही चित्रं?"

"आई, तोंड सांभाळून हं," दादा गुरकावला. "बाबांच्या नावाचा प्रश्न आहे."

"आणि तिच्या नावाचा नाही?" पुतणीचा आवाज चिरकला. आता तिला काकूचाही राग आला, त्या जन्मभराच्या मुकेपणाचा. "मी कुणासाठी भांडतेय, काकू? तुझी चित्रं तुला नकोत का?"

काकूने मान वर केली. गुडघ्यावर हात रेटून ती उठली आणि दोघांच्या मधून, भिंतीकडे न पाहता, आत निघून गेली.